पोलादाची कवचकुंडले

दिवाळी तोंडावर आली की आपल्याकडे पितळेची भांडी कल्हईला निघतात. कल्हई म्हणजे एका धातूवर चढविलेला दुसऱ्या धातूचा पापुद्रा; वर्षभरात तो झिजतो आणि पुन्हा कल्हईवाल्याची वाट पाहावी लागते. पोलादाचे मागणे याहून अवघड आहे. त्याची कातडी कठीण हवी, आतला देह चिवट हवा, आणि ती कातडी वरून चिकटविलेली नको, कर्णाच्या कवचकुंडलांसारखी अंगचीच हवी. ते मागणे पुरविण्यासाठी माणसाने केलेल्या खटपटीचा इतिहास आम्हा मराठवाड्यातील लोकांच्या अगदी उंबरठ्यापाशी येऊन पोचतो.

१७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी नांदेडास देह ठेवला. तेथील सचखंड गुरुद्वारात जतन केलेली शस्त्रे दिवाळीच्या सुमारास, तख्तस्नानाच्या वेळी, गोदावरीच्या पाण्याने धुऊन लखलखीत केली जातात. शस्त्र म्हटले की लोहारापुढचा जुना पेच आठवतो. पाते ठिसूळ असेल तर घावासरशी तुटते, मऊ असेल तर त्याची धार वळते.

या पेचावरचे एक नामांकित उत्तर नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यात सापडले होते. तेथे कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. १९५६ पर्यंत ते गाव, नांदेड आणि लातूर ही सारी एकाच हैदराबाद राज्यात होती. हेन्री वॉयसी हा इंग्रज डॉक्टर भूशास्त्रज्ञही होता. १८२४ मध्ये तो वारला. त्याने लिहून ठेवलेली या गावच्या भट्ट्यांची हकीकत १८३२ साली छापली गेली. दोन ठिकाणचे लोखंड एकत्र करून ते मातीच्या मुशीत बंद करीत आणि भट्टीत वितळवीत. त्यात कोळशातला कार्बन भिनला की उत्तम पोलादाची वडी तयार होई. ती विकत घेण्यासाठी थेट इराणातून व्यापारी येत. पुढे परदेशी स्वस्त पोलाद आले आणि भट्ट्या थंड झाल्या. त्या कारागिरांपैकी कोणी आपली विद्या स्वतः लिहून ठेवल्याचे माझ्या वाचनात नाही.

यंत्रांचे युग आले, तरी पेच तोच राहिला. लातूरच्या तेलगिरणीत दाणे दाबून तेल काढणारा जो स्क्रू असतो, त्याची बाहेरची बाजू झिजून चालत नाही आणि गाभा तडकून चालत नाही. गावचा लोहार पोलाद लाल तापवून पाण्यात बुडवी. त्याला तो ‘पाणी देणे’ म्हणे. पण अशा अचानक थंडाव्याने बारीक मापाचे भाग वाकतात, कधी तडकतात. मग न बुडविता कातडी कठीण कशी करावी?

याचे उत्तर हवेत होते. आपण श्वासाने घेतो त्या हवेचा सुमारे चार पंचमांश भाग नत्र आहे. शेतकरी युरियाच्या गोणीतून कपाशीला घालतो, तेच हे नत्र. अमेरिकेत अडॉल्फ मॅकलेट याने १९०८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि जर्मनीत क्रुप कारखान्यातील अडॉल्फ फ्राय याने १९२१ मध्ये पेटंट घेतले. अमोनिया वायूत सुमारे पाचशे अंश उष्णतेला पोलाद ठेवले की नत्र त्यात मुरते, हे त्यांनी दाखविले. मात्र या कामाला कित्येक दिवस लागत.

१९३० नंतरच्या दशकात बर्नहार्ड बर्गहाउस या जर्मन संशोधकाने विजेचे साहाय्य घेतले. बंद भांड्यातील हवा उपसून त्यात थोडे नत्र व हायड्रोजन सोडायचे, पोलादी भागाला ऋण टोक जोडायचे आणि काहीशे व्होल्टची वीज द्यायची. वायूचे कण विद्युतभारित होतात. या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. त्या भागाभोवती जांभळट प्रभा पसरते, नत्राचे कण पोलादावर आदळतात, त्याला तापवितात आणि आत शिरतात. पोलादात क्रोमियम वा ॲल्युमिनियम असेल, तर नत्राची त्यांच्याशी गाठ पडून कातडी कमालीची कठीण होते. तिची जाडी मिलिमीटरच्या काही दशांशाइतकीच असते. पण पोलाद पाण्यात बुडवावे लागत नाही, म्हणून त्याचे माप फारसे बिघडत नाही. हेच प्लाझ्मा नायट्रायडिंग. आपल्या देशात गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने १९९७ मध्ये उद्योगांसाठी स्वतंत्र केंद्र काढले आणि ही विद्या कारखान्यांपर्यंत नेली.

या इतिहासातून मला एकच गोष्ट सांगावीशी वाटते. कोनासमुद्रमच्या कारागिरांचे कसब मॅकलेटच्या वा फ्रायच्या कसबाहून कमी नव्हते. फरक असा की यांची कृती पेटंटाच्या कागदावर उतरली, म्हणून बर्गहाउसला तिथून पुढची पायरी चढता आली. त्यांची कृती हातात राहिली आणि हातांबरोबर गेली. नांदेडास १९८१ पासून गुरू गोविंदसिंगांच्याच नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथे शिकणाऱ्या मुलांनी गावच्या लोहाराच्या पालासमोर तासभर बसावे आणि तो पोलादाचा कोणता रंग पाहून पाणी देतो, हे वहीत उतरवून घ्यावे. नव्या विद्येचे शिक्षण आता मिळू शकते. जुनी मात्र विचारल्याशिवाय मिळणार नाही, आणि ती सांगणारी माणसे दर दिवाळीला कमी होत आहेत.