कारंजे, काँक्रीटचे (बागेतील)

काँक्रीटच्या कुंडात साठवलेले पाणी पंपाने वर चढवून पुन्हा त्याच कुंडात पाडणारी बागेतील रचना. बंगल्याच्या अंगणात, सोसायटीच्या बागेत किंवा मंगल कार्यालयाच्या दारात आज दिसणारी बहुतेक छोटी कारंजी या प्रकारची असतात. रस्त्याकडेच्या ज्या कारखान्यांत तुळशी वृंदावने, कुंड्या आणि सिमेंटच्या जाळ्या ओतल्या जातात, तिथेच कारंज्यांचेही साचे असतात. तळाचे कुंड, मधला खांब आणि वरच्या पराती सुट्या ओतून जागेवर एकावर एक बसवतात. कुंड मोठे असेल तर ते जागेवरच ओततात.

काँक्रीट आणि बाग यांचे नाते जुने आहे. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिन यांनी १८२४ मध्ये घेतले. त्यात लोखंड घालण्याची युक्ती पुढे नेणाऱ्यांपैकी एक महत्त्वाचा माणूस म्हणजे जोसेफ मोनिए हा फ्रेंच माळी. लोखंडी जाळीवर सिमेंट चढवून केलेल्या झाडांच्या कुंड्यांचे पेटंट त्याने १८६७ मध्ये घेतले आणि नंतर त्याच पद्धतीने नळ, टाक्या व पूल यांचीही पेटंटे घेतली. सळईच्या काँक्रीटचा इतिहास सांगताना या माळ्याला वगळून चालत नाही.

जुन्या कारंज्यांत आणि आजच्या कारंज्यांत खरा फरक दगड की सिमेंट हा नसून पाण्याचा आहे. पुण्याच्या शनिवारवाड्यातील हजारी कारंज्याच्या काळी पंप नव्हते. उंचावरून आणलेल्या पाण्याच्या दाबावर कारंजी उडत आणि ते पाणी पुढे वाहून जाई. आजच्या कारंज्यात तेच पाणी आठवडेच्या आठवडे फिरत राहते. क्षार, शेवाळ आणि डास या कटकटी त्यामुळेच उद्भवतात. म्हणून असे कारंजे ही आधी पाण्याची टाकी आहे आणि नंतर शोभेची वस्तू, असे धरूनच ते बांधावे.

जागा निवडताना सर्वांत आधी वजनाचा विचार करावा. आतून १ मी. व्यासाचे, ३० सेंमी. खोल आणि ८ सेंमी. जाडीचे साधे कुंड घेतले, तर त्याचे काँक्रीटच सुमारे ४०० किग्रॅ. भरते. त्यात मावणारे पाणी सुमारे २३५ लिटर, म्हणजे तितकेच किलो. खांब व पराती सोडूनही दर चौरस मीटरला ६०० किग्रॅ.च्या आसपास भार येतो. वावर असलेली घराची गच्ची दर चौरस मीटरला साधारण १५० किग्रॅ. वापरभार धरून बांधलेली असते. संरचना अभियंत्याला विचारल्याशिवाय असे कारंजे गच्चीवर चढवणे धोक्याचे आहे. गच्चीसाठी फायबरचे हलके कारंजे हाच शहाणपणाचा पर्याय.

अंगणात अडचण वेगळी असते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसती फरशी टाकून ठेवलेले कारंजे एकदोन वर्षांत कलते. काळी माती उपसून मुरमापर्यंत जावे, मुरूम धुम्मस करून बसवावा आणि त्यावर १० ते १५ सेंमी. जाडीचा काँक्रीटचा थर घालावा. थर कुंडापेक्षा चोहोबाजूंनी हातभर मोठा ठेवला, तर उडालेल्या पाण्याने कडेची माती खचत नाही. झाडाखालची जागा टाळावी. गुलमोहोर किंवा चिंचेची बारीक पाने पंपाच्या जाळीत अडकून ती दोन दिवसांत तुंबवतात.

ओळंबा आणि पातळी यांत गवंड्याने केलेली घाई कारंज्यात लगेच उघडी पडते. परातीच्या काठावरून ओसंडणाऱ्या पाण्याचा पदर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाड असतो. त्यामुळे ८० सेंमी.च्या परातीचा एक काठ ५ मिमी.ने जरी खाली असला, तरी सगळे पाणी त्याच बाजूने पडते आणि उरलेला काठ कोरडा राहतो. पराती कायमच्या चिकटवण्यापूर्वी त्या बसवून वर पाणी ओतून पाहावे. पाणी चहूकडून सारखे पडेपर्यंत खालून पाचरी देऊन परात उचलावी आणि मगच सांधा भरावा.

कुंड जागेवर ओतायचे असेल, तर एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग बारीक खडी हे प्रमाण पुरते. पाणी मात्र बेताचे घालावे. काम सोपे व्हावे म्हणून माल पातळ केला की पुढे त्यात सूक्ष्म छिद्रे राहतात आणि कुंड पाझरते. सळईवर किमान २५ मिमी. काँक्रीटचे आवरण असावे. कोकण किनाऱ्यावर, जिथे हवेतच मीठ असते, तिथे यात कसूर झाली की सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे टवके निघतात. तळ आणि भिंत शक्यतो एका दमात ओतावी, कारण गळती बहुधा या दोहोंच्या सांध्यातूनच सुरू होते. तळाशी निचऱ्याचा नळ आणि पंपाच्या वायरसाठी पाइप ओततानाच बसवावा. नंतर छिन्नीने भोक पाडणे म्हणजे गळतीला आमंत्रण. ओतल्यावर किमान १० दिवस पाणी मारावे किंवा ओली पोती टाकून ठेवावीत. आतून जलरोधक लेप देणे उत्तम. मासे सोडायचे असतील तर तो बिनविषारी असल्याची खात्री करावी.

नव्या कुंडात मासे लगेच सोडू नयेत. ओल्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो व पाणी तीव्र अल्कधर्मी होते. मासे त्यात तगत नाहीत. कुंड भरून काही दिवस ठेवावे, पाणी सोडून द्यावे, आत ब्रशने घासावे, आणि हे तीन-चार वेळा करावे.

पंप पाण्यात बुडवून ठेवायचा असतो. बाजारात कूलरसाठी मिळणारा छोटा पंप लहान कारंज्याला चालतो, मात्र त्याच्या खोक्यावरचा उंचीचा आकडा नीट समजून घ्यावा. तिथे छापलेल्या कमाल उंचीला पाण्याचा प्रवाह शून्यावर आलेला असतो. १ मी. उंच चढवायचे असेल तर दीड ते दोन मीटर कमाल उंचीचा पंप घ्यावा. झोत कुंडाच्या त्रिज्येपेक्षा उंच उडवू नये, नाहीतर वाऱ्याने पाणी बाहेर जाते आणि कुंड संध्याकाळपर्यंत अर्धे रिकामे होते. पंप कोरडा फिरला की जळतो, कारण त्याला थंड ठेवणारे पाणीच असते. तो तळाला न टेकवता विटेवर, जाळीच्या डब्यात ठेवावा. वीज आणि पाणी एकत्र आल्यामुळे अर्थिंग व ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) यांना पर्याय नाही. १२ व्होल्टचा पंप मिळाल्यास अधिक चांगले. हात पाण्यात घालण्यापूर्वी प्लग काढायचा, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे.

विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनाने दिवसाला सुमारे एक सेंटिमीटर उतरते. वर सांगितलेल्या कुंडात हे रोजचे जवळपास ८ लिटर. वाफ होऊन जाते ते शुद्ध पाणी. क्षार मागेच राहतात. बोअरचे जड पाणी घालून रोजची तूट भरत राहिले, तर महिनाभरात कुंडाइतके पाणी नव्याने आत येते आणि क्षारांचा साठा दुप्पट होतो. परातीच्या काठावर आणि झोताच्या तोंडाशी धरणारे पांढरे कवच ते हेच. त्यामुळे नुसती भर घालत राहू नये, तर पंधरवड्याने निम्मे पाणी काढून झाडांना घालावे आणि ताजे भरावे. पावसाचे साठवलेले पाणी मिळाले तर कवच फारच कमी धरते. झोताचे तोंड व पंपाची चक्री काढून व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवावी. काँक्रीटला मात्र आम्ल लावू नये. फरशी धुण्याचे तीव्र आम्ल क्षाराबरोबर सिमेंटही खाते, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि त्यावर शेवाळ अधिक घट्ट धरते. तिथे ताठ नायलॉनचा ब्रश आणि मनगटातला जोर हेच खरे.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्याच्या कडेला, पातळीच्या किंचित वर ओलसर भिंतीवर अंडी घालतो. ती अंडी कित्येक महिने कोरडी राहूनही जगतात आणि पाणी वर आले की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पाणी खळाळत असताना धोका कमी, पण पंप बिघडून बंद पडलेले कारंजे पाणी साचलेल्या टायरइतकेच घातक. आठवड्यातून एकदा कुंड रिकामे करून काठाखालची पट्टी घासणे हा खरा उपाय आहे. नुसते पाणी बदलून भिंतीवरची अंडी जात नाहीत. मोठे कुंड रिकामे करणे शक्य नसेल, तर पट्टी घासून पाण्यात गप्पी मासे सोडावेत. मासे असतील तिथे ब्लीचिंग पावडर आणि मोरचूद दोन्ही वर्ज्य.

पाणी नेहमीपेक्षा लवकर उतरू लागले, तर ते वाफेने जाते की गळतीने, हे ठरवायला एक बादली पुरते. पंप बंद करून बादलीत पाणी भरून ती कुंडाशेजारी उन्हात ठेवावी, दोन्हीकडे पातळीची खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी उतार ताडून पाहावा. कुंडाचा उतार बादलीहून बराच जास्त असेल तर तळात किंवा सांध्यात भेग आहे. दोन्ही सारखे असतील आणि पंप चालू असतानाच पाणी कमी होत असेल, तर दोष शिंतोड्यांचा किंवा खांबातल्या पाइपाचा. भेगेवर सिमेंटचे पाणी फासून काही होत नाही. ती छिन्नीने इंग्रजी व्ही अक्षरासारखी रुंदावून, ओली करून, पॉलिमर मिसळलेल्या मालाने भरावी लागते. भेगेत पिंपळाचे किंवा वडाचे रोप दिसले तर पालेभाजीएवढे असतानाच मुळासकट काढावे. वरून खुडल्यास मूळ आत जाड होत राहते.

घर महिनाभर बंद ठेवताना पंप काढून, धुऊन, कोरडा करून आत ठेवावा. कुंड पूर्ण रिकामे करून निचऱ्याचा नळ उघडा सोडावा, म्हणजे वळवाचे पाणीही साचत नाही, आणि उन्हाने आतला लेप तडकू नये म्हणून वर गोणपाट अंथरून कडेला विटा ठेवाव्यात.