नवा भाग बसवला, संगणक सुरू होईना!

आंधळगाव (जि. भंडारा) : हातमागावरील कोसा विणकामाची परंपरा असलेल्या मोहाडी तालुक्यातील या गावात संगणकाचा सुटा भाग हवा असेल, तर भंडारा किंवा थेट नागपूरची सीताबर्डी गाठावी लागते. मुंबईकराला लॅमिंग्टन रोड जवळचा. अंतर निराळे असले, तरी अडचण मात्र सारखीच आहे. हौसेने नवी रॅम किंवा एसएसडी बसवावी, बटण दाबावे आणि पडदा काळाच राहावा! विंडोज १० ला मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून जुन्या यंत्रांत नवे भाग बसवण्याची गरज अनेकांना भासू लागली आहे.

अशा वेळी ‘फॉरमॅट मारावे लागेल’ असा सल्ला हमखास मिळतो. तो घाईने मानल्यास घरातील छायाचित्रे, दुकानाचे हिशेब, विद्यार्थ्याचा प्रबंध असे सारे क्षणात पुसले जाते. वास्तविक, भाग बदलल्यानंतर लगेच उद्भवलेल्या बिघाडाचे मूळ बहुधा त्या भागात, त्याच्या जोडणीत किंवा सेटिंगमध्ये असते. डिस्कवरील माहितीचा त्यात काही दोष नसतो.

आधी जुना भाग परत

पहिली कसोटी सोपी आहे. वीज बंद करून प्लग काढावा, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून ठेवावे, कॅबिनेटच्या धातूला हात लावावा आणि जुना भाग पुन्हा बसवावा. संगणक सुरू झाला, तर नवा भाग सदोष आहे किंवा मदरबोर्डशी जुळत नाही, असे समजावे. तरीही सुरू झाला नाही, तर काम करताना दुसरीच एखादी वायर सैल झालेली असू शकते. एसएमपीएसचे आवरण मात्र कधीही उघडू नये; प्लग काढल्यावरही त्यात विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

लक्षणांवरून निदान

पंखाही फिरत नसेल, तर एसएमपीएसच्या मागील स्विच, मदरबोर्डची २४ पिनांची जोडणी आणि बटणाची बारीक वायर तपासावी.

पंखा फिरतो, पण पडदा काळा असेल, तर प्रथम रॅमकडे वळावे. दोन्ही टोकांच्या खटक्यांचा आवाज येईपर्यंत ती दाबून बसवावी. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात. तिथे जोर लावणे म्हणजे नुकसान ओढवून घेणे. प्रोसेसरसाठीची चार किंवा आठ पिनांची वेगळी वायरही अनेकदा विसरली जाते. नवे ग्राफिक्स कार्ड बसवले असल्यास मॉनिटरची केबल त्या कार्डालाच जोडावी. डीडीआर ५ रॅम असलेले यंत्र पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटे घेऊ शकते. तेवढा धीर धरावा. ‘बीप’ ऐकू येत असेल, तर तिचा अर्थ मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत पाहावा. तो कंपनीगणिक बदलतो.

कंपनीचे चिन्ह दिसून पुढे ‘बूट डिव्हाइस नाही’ असा संदेश आल्यास बायोसमध्ये जाऊन डिस्क दिसते का ते पाहावे. दिसत असेल, तर बूटचा क्रम बदलावा. काही मदरबोर्डांवर एम.२ एसएसडी बसवताच एखादे साटा पोर्ट आपोआप बंद होते आणि जुनी हार्डडिस्क ‘गायब’ होते. ती दुसऱ्या पोर्टला जोडल्यास पुन्हा दिसू लागते. बायोसची सीआर २०३२ बॅटरी काढली असल्यास यूईएफआय-लेगसी किंवा साटा मोड ही सेटिंग्ज मूळ पदावर जातात. ती पूर्ववत केली, की विंडोज पुन्हा सुरू होऊ शकते.

त्या ४८ अंकांचे मोल

मदरबोर्ड बदलल्यावर बिटलॉकर ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती अनेकदा वापरकर्त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती हाताशी नसेल, तर चांगल्या डिस्कवरील माहितीही उघडता येत नाही. म्हणून पेचकस हाती घेण्यापूर्वीच ती कागदावर उतरवून ठेवावी आणि महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी.

एका वेळी एकच

एवढे करूनही यश न आल्यास मदरबोर्ड, प्रोसेसर, एक रॅम आणि एसएमपीएस एवढेच ठेवावे. प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय नसेल, तर ग्राफिक्स कार्डही राहू द्यावे. मग दर वेळी वीज बंद करून एकेक भाग जोडावा. ज्या भागापाशी यंत्र अडेल, तोच दोषी. असे निदान करून मगच दुकान गाठले, तर आंधळगावहून नागपूरची खेप फुकट जात नाही आणि शहरातही नको असलेला भाग गळ्यात पडत नाही. फॉरमॅट हा सर्वांत शेवटचा उपाय. तोही माहितीची प्रत सुरक्षित असल्याची खात्री झाल्यावरच!