संगीत संश्लेषकातील तर्क मंडले

स्वतंत्र खंड तारांनी जोडून इलेक्ट्रॉनीय ध्वनिनिर्मिती करणाऱ्या संगीत संश्लेषकाची रचना रॉबर्ट मूग व डॉनल्ड बुक्ला यांनी अमेरिकेत १९६४ च्या सुमारास स्वतंत्रपणे सिद्ध केली. बर्नी हचिन्स यांच्या ‘इलेक्ट्रोनोट्स’ (१९७२) या नियतकालिकामुळे अशी मंडले घरी बांधणाऱ्यांना तांत्रिक आधार मिळाला. ताल, क्रमनियंत्रण व कंप्रताविभाजन यांसाठी त्यांत तर्क एकात्मित मंडले वापरली जातात.

या मंडलांच्या दोन प्रमुख श्रेणी आहेत. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या ७४०० (टीटीएल) श्रेणीस ५ व्होल्ट पुरवठा लागतो. आरसीए कंपनीने १९६८ मध्ये आणलेली ४००० (सीमॉस) श्रेणी, तिच्या ‘बी’ प्रकारात, ३ ते १८ व्होल्टवर चालते. म्हणून १२ किंवा १५ व्होल्टच्या संश्लेषकात ती सोयीची ठरली.

दोन्ही श्रेणींच्या मिश्रणातून दोष उद्‌भवतात. टीटीएलचे ‘उच्च’ प्रदान किमान २·४ व्होल्ट असते, तर ५ व्होल्टवरील सीमॉसला ३·५ व्होल्टचे आदान लागते. त्यामुळे मंडल कधी चालते, कधी नाही. प्रदान व ५ व्होल्ट यांच्यामध्ये काही हजार ओहमांचा रोधक जोडल्यास हा दोष जातो. सीमॉस १२ व्होल्टवर असल्यास मात्र ट्रँझिस्टरने पातळी वाढवावी लागते.

अंकसाम्यही फसवे असते. क्रमनियंत्रकातील ४०१७ गणित्राऐवजी ७४एचसी४०१७ बसविल्यास अग्रे जुळतात; परंतु त्याचा पुरवठा ६ व्होल्टपर्यंतच मर्यादित असल्याने १२ व्होल्टवर ते नष्ट होते. याउलट ४०११ व ७४०० या दोहोंत चार नँड द्वारे असूनही मधल्या दोन द्वारांची अग्रे भिन्न आहेत.

नावातील प्रत्ययही निर्णायक असतो. इंग्लंडमधील ‘वास्प’ (१९७८) या संश्लेषकाच्या गाळणीत ४०६९ मधील व्यस्तक रेषीय विवर्धक म्हणून योजले होते. त्यासाठी बफररहित ‘यूबी’ प्रकारच हवा. बफरयुक्त व्यस्तकाची विवर्धनक्षमता फार मोठी असल्याने तो तेथे अस्थिर होतो.

दोषशोधनात प्रथम पुरवठा मोजावा, नंतर अग्ररचना पडताळावी आणि शेवटी प्रत्येक आदानाची पातळी पहावी. सीमॉसचे न वापरलेले आदान मोकळे न ठेवता भूमीशी अथवा पुरवठ्याशी जोडावे. अन्यथा ते भोवतालचा विद्युत् गोंगाट ग्रहण करते व निर्दोष मंडलही सदोष भासते.