पदनाम आणि अधिकार : मराठीतील स्त्री-नेतृत्ववाचक शब्दांचा ऐतिहासिक विचार

विविध व्यवसायांत स्त्रियांनी संपादन केलेल्या नेतृत्वाचा इतिहास आपल्याकडे बहुधा चरित्रांच्या रूपाने लिहिला जातो. पहिली शिक्षिका कोण, पहिली वैद्य कोण, पहिली महापौर कोण, अशा क्रमाने ही मांडणी होते. तिची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. तथापि तिच्यात एक उणीव राहते. अधिकार प्रथम कोणाच्या हाती आला हे तिच्यातून कळते. तो अधिकार समाजाने कोणत्या नात्याने मान्य केला, हे कळत नाही. ह्या दुसऱ्या प्रश्नाचा पुरावा भाषेत शोधावा लागतो. अधिकारी स्त्रीला लोक काय म्हणत, कागदावर काय लिहीत आणि तिच्याविषयी बोलताना कोणते क्रियापद योजीत, ह्यावरून तो उलगडतो. प्रस्तुत लेखात मराठीपुरता हा पुरावा तपासण्याचा विचार आहे.

(१) ‘ईण’ प्रत्ययाची दोन कामे

पुल्लिंगी नामापासून स्त्रीलिंगी नाम साधण्याचा मराठीतील एक सुप्रतिष्ठित प्रत्यय म्हणजे ‘ईण’. पाटील–पाटलीण, देशमुख–देशमुखीण, मामलेदार–मामलेदारीण ही त्याची परिचित उदाहरणे होत. ह्या शब्दांचा रूढ अर्थ ‘त्या पदावरील पुरुषाची पत्नी’ असा आहे. पाटलीण गावचा वसूल करीत नसे आणि मामलेदारीण कचेरीत बसत नसे. एवढ्यावरून मराठी भाषा स्त्रीला पतीच्या पदावरूनच ओळखते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु तो घाईचा ठरेल. कोळीण, माळीण, कुंभारीण, सुईण, मालकीण ह्या शब्दांत प्रत्यय तोच आहे. परंतु कोळीण स्वतः मासळी विकते, माळीण स्वतः फुले विकते आणि सुईण तर स्वतःच्याच कौशल्यावर उभी असते. सुईणीला पुल्लिंगी जोडीदार शब्दही नाही.

तात्पर्य, प्रत्यय एक असून अर्थ दोन आहेत, आणि कोणता अर्थ घ्यावयाचा हे व्याकरण ठरवीत नाही, व्यवहार ठरवितो. ज्या कामात स्त्री प्रत्यक्ष राबत होती तेथे ‘ईण’ कर्तृवाचक झाला. जे पद तिला मिळण्याची सोय नव्हती तेथे तो पत्नीवाचक राहिला. प्रत्ययाने पक्षपात केला नाही. समाजातील पक्षपाताची नोंद तेवढी केली.

हा भेद प्राचीनांस अज्ञात नव्हता. संस्कृत व्याकरणपरंपरेत आचार्याची पत्नी ती ‘आचार्यानी’ आणि जी स्वतः व्याख्यान करते ती ‘आचार्या’ असा स्पष्ट विवेक केलेला आहे. ‘उपाध्यायानी’ आणि ‘उपाध्याया’ ह्या जोडीचेही तसेच. स्वतः अध्यापन करणारी स्त्री आणि अध्यापकाची स्त्री ह्यांच्याकरिता दोन वेगळी रूपे बाळगण्याची गरज त्या परंपरेला भासली होती. मराठीत मात्र पदवाचक नामांच्या बाबतीत ही जोडी मोडली, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात ती नव्याने घडवावी लागली.

(२) सत्ता आणि नाते

अठराव्या शतकातील मराठी राजकारणात सत्ताधारी स्त्रियांची वाण नव्हती. राजारामाच्या निधनानंतर १७०० पासून औरंगजेबाविरुद्धच्या युद्धाची सूत्रे ताराबाईंनी हाती घेतली. गादीवर नाव होते अल्पवयीन पुत्र शिवाजीचे. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडले, तेव्हा सेनापतिपद त्यांच्या धाकट्या भावाकडे गेले आणि दाभाड्यांचा कारभार उमाबाईंच्या हाती राहिला. मल्हारराव होळकर १७६६ मध्ये व नातू मालेराव १७६७ मध्ये निवर्तल्यावर अहिल्याबाईंनी १७९५ पर्यंत महेश्वराहून राज्य चालविले. तेथेही सुभेदार हे पद आणि फौजेचे नेतृत्व तुकोजी होळकरांकडे होते.

तिन्ही उदाहरणांत एकच रचना दिसते. सत्ता स्त्रीकडे आहे, पदनाम पुरुषाकडे आहे. मग तिला संबोधावयाचे कशाने? भाषेने येथे नात्याचा आश्रय घेतला. ‘मातोश्री’, ‘आईसाहेब’, ‘बाईसाहेब’ ही संबोधने केवळ आदराची नव्हेत. ती अधिकाराची शीर्षके झाली होती. आई ह्या नात्याने आज्ञा करणे समाजाला परिचित होते. सुभेदार ह्या नात्याने आज्ञा करणारी स्त्री परिचित नव्हती. म्हणून घराच्या भाषेतील शब्द दरबाराच्या कामी आले. ह्या योजनेत लाभ होता, तशीच मर्यादाही होती. आईचा अधिकार निर्विवाद असतो. परंतु तो पुढील स्त्रीकडे पद म्हणून जात नाही. मातोश्रींच्या मागून दुसऱ्या मातोश्री नेमल्या जात नाहीत.

(३) व्यवसायाला नाव

एकोणिसाव्या शतकात परिस्थिती पालटली. आता प्रश्न वारशाने आलेल्या सत्तेचा नव्हता, शिकून मिळविलेल्या व्यवसायाचा होता. १८४८ मध्ये पुण्यात मुलींच्या शाळेत सावित्रीबाई फुले शिकवू लागल्या. पती जोतीराव हेही शिक्षक होतेच. परंतु सावित्रीबाईंची योग्यता त्यांची स्वतःची होती, आणि जोतीरावांच्या निधनानंतर १८९३ मध्ये सासवड येथील सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. अशा स्त्रीला ‘मास्तरीण’ म्हणावे तर तो शब्द मास्तरांच्या पत्नीलाही लागू होता. ‘शिक्षिका’, ‘अध्यापिका’, ‘मुख्याध्यापिका’ ही संस्कृत प्रत्ययाची रूपे रुळण्याचे एक कारण ह्या संदिग्धतेत आहे. ‘शिक्षिका’ म्हणजे शिक्षकाची पत्नी, असे मराठीत कोणी समजत नाही.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना दिलेली ‘पंडिता’ ही पदवी ह्या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे. ती ‘पंडितीण’ नव्हे. आचार्यानी आणि आचार्या ह्यांतील जुना विवेक येथे पुन्हा जागा झालेला दिसतो. पुढे १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन स्थापून रमाबाईंनी त्या पदवीला संस्थाचालकत्वाची जोड दिली.

वैद्यकाची वाट निराळी. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळवून परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी योजिलेली होती. ती स्वीकारण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. रखमाबाईंनी १८९४ मध्ये इंग्लंडमधील शिक्षण पूर्ण करून सुरत व नंतर राजकोट येथील स्त्री-रुग्णालयांचे प्रमुखपद दीर्घकाळ सांभाळले. लोकांच्या बोलण्यात ‘डॉक्टरीण’, ‘डॉक्टरीणबाई’ हे शब्द आले, आणि ह्यांत एक विशेष घडले. पत्नीवाचक ‘ईण’ येथे कर्तृवाचक होऊ लागला. लेखनात मात्र ‘डॉक्टर’ हा शब्द अविकृत राहिला व नावाआधी ‘डॉ.’ एवढेच येऊ लागले. परकी शब्दाने लिंगभेद बाजूस ठेवण्याची ही सोय पुढे देशी पदनामांनीही उचलली, हे आपण पाहणार आहोत.

१९०९ मध्ये रमाबाई रानडे ह्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याचे सेवासदन सुरू झाले आणि स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाची वाट मिळाली. ‘परिचारिका’ हा शब्द ‘परिचारका’पेक्षा कितीतरी अधिक वापरात आहे. ‘सेविका’चेही तसेच. ‘इका’ प्रत्ययान्त शब्द जेथे सर्वांत सहज रुळले ती क्षेत्रे शिक्षण, शुश्रूषा व सेवा ही होत, हे येथे नोंदवून ठेवणे अवश्य आहे.

(४) मालकीण, संचालिका, ताई

सुशिक्षितांच्या व्यवसायांबाहेर पाहिले म्हणजे चित्र अधिक मोकळे दिसते. विठाबाई नारायणगावकर ह्यांनी स्वतःच्या नावाचा तमाशाचा फड चालविला. फडाची मालकीण म्हणजे कलावंतांना उचल देणारी, मुक्काम ठरविणारी, तोटा सोसणारी व्यक्ती. ‘मालकाची बायको’ हा अर्थ येथे कोणाच्या मनातही येत नाही. जेथे स्त्री खरोखर धनी होती तेथे ‘ईण’ प्रत्ययाने तिला उणेपणा आणला नाही.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगाव येथे सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापडाचा उद्योग आरंभिला. ‘लिज्जत’ नावाने प्रसिद्ध झालेल्या ह्या संस्थेत सभासदत्व स्त्रियांनाच आहे, सभासद परस्परांस भगिनी मानतात आणि शाखेची प्रमुख ‘संचालिका’ म्हणविली जाते. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने शासकीय पदनामे मराठीत सिद्ध केली, त्यांत पद आहे ‘संचालक’. दोन्ही शब्द एकाच धातूचे, पण त्यांतून दोन वृत्ती दिसतात. पापड लाटणाऱ्या स्त्रियांच्या संस्थेत पदच स्त्रीचे आहे. शासनात पद आधी आहे, त्यावर कोण बसेल हा प्रश्न नंतरचा.

चळवळींत पुन्हा नातेच पुढे आले. वारली शेतमजुरांच्या १९४५ च्या लढ्यापासून अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचलेल्या गोदावरी परुळेकर ‘गोदूताई’ होत्या. मुंबईत पाण्यासाठी लढणाऱ्या मृणाल गोरे ‘पाणीवाली बाई’ झाल्या. १९७३ ते १९७९ ह्या काळात गोवा, दमण व दीवच्या मुख्यमंत्री असलेल्या शशिकला काकोडकर ह्यांनाही लोक ‘ताई’च म्हणत. मातोश्रींची जागा ताईंनी घेतली, हा बदल लहान नाही. आई आज्ञा करते. थोरली बहीण बरोबरीच्या माणसांत उभी राहून पुढे होते. परंतु अनुयायी पुढाऱ्याला ‘दादा’, ‘भाऊ’, ‘अण्णा’ म्हणतात, तेव्हा त्याला त्या नात्यावाचून दुसरे नाव नसते असे नाही. स्त्रीच्या बाबतीत कित्येकदा नाते हेच पदाचे काम करी.

(५) उच्च पदांची भाषा

विसाव्या शतकाच्या मध्यापासून स्त्रिया प्रशासन, विद्यापीठे आणि नगरसंस्था ह्यांच्या प्रमुखपदी येऊ लागल्या. हंसाबेन मेहता १९४९ मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘पुरुष’ असाही अर्थ होणारा इंग्रजी शब्द होता. तो काढून ‘सर्व मानव’ ह्या अर्थाचा शब्द घालावा, असा आग्रह धरणाऱ्या प्रतिनिधी ह्याच. १९४८ च्या अंतिम मसुद्यात तसे झाले. १९५६ मध्ये सुलोचना मोदी मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. डॉ. स्नेहलता देशमुख १९९५ ते २००० पर्यंत मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. २००७ मध्ये प्रतिभा पाटील राष्ट्रपती झाल्या. महाराष्ट्राच्या मुख्य सचिवपदी पहिली स्त्री येण्यास २०२४ साल उजाडावे लागले.

कुलगुरू, महापौर, राष्ट्रपती, सचिव, आयुक्त, जिल्हाधिकारी, न्यायाधीश : ह्यांपैकी एकाही शब्दाचे स्त्रीलिंगी रूप व्यवहारात स्थिर झालेले नाही. त्याची कारणे काही अंशी व्याकरणिक आहेत. ‘पती’, ‘गुरू’ हे घटक स्त्रीप्रत्यय सहज घेत नाहीत. ‘राष्ट्रपती’वरून झालेला शब्दच्छल त्यामुळेच संभवला. परंतु ‘सचिव’ अथवा ‘महापौर’ ह्यांस अशी अडचण नाही. ‘महापौर’ हा तर सावरकरांनी घडविलेला नवा शब्द. त्याला हवे ते रूप देता आले असते. तेव्हा व्याकरणाचे कारण पुरे पडत नाही. परिचारिका आणि शिक्षिका येथपर्यंत स्त्रीप्रत्यय हौसेने आला आणि हुकूम देण्याच्या पदांपाशी थांबला, ही वस्तुस्थिती उरतेच. मधल्या पायरीवरील ‘अध्यक्षा’, ‘प्राचार्या’ हे शब्द दोलायमान आहेत. साहित्य संमेलनाचेच पाहावे. १८७८ पासूनच्या परंपरेत स्त्री अध्यक्षपदी प्रथम आली ती १९६१ मध्ये, कुसुमावती देशपांडे ह्यांच्या रूपाने. २०२५ पर्यंतच्या ९८ संमेलनांत हा मान सहा स्त्रियांना मिळाला. त्यांना ‘अध्यक्ष’ म्हणावे की ‘अध्यक्षा’ ह्याविषयी आजही एकवाक्यता नाही.

(६) क्रियापदाची साक्ष

मग पदनामांना स्त्रीप्रत्यय लावण्याचा आग्रह धरावा काय? आमच्या मते त्याची आवश्यकता नाही, आणि ह्याचे कारण मराठीच्या रचनेतच आहे. इंग्रजीत कर्त्याचे लिंग क्रियापदावर उमटत नाही. मराठीत ते विशेषणावर व क्रियापदावर उमटते. ‘नव्या जिल्हाधिकारी आल्या’, ‘महापौर बोलल्या’ ह्या वाक्यांत नाम उभयलिंगी राहून स्त्री स्पष्टपणे व्यक्त होते. पद सर्वांचे, व्यक्ती स्त्री : हे एकाच वाक्यात सांगण्याची सोय आपल्या भाषेत सिद्ध आहे.

परंतु त्यामुळेच क्रियापदाकडे डोळसपणे पाहावे लागते. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींतील एक तृतीयांश जागा व पदे स्त्रियांसाठी राखून ठेवली. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. ‘सरपंच’ हा शब्द उभयलिंगी असल्याने त्याला काहीच अडचण पडली नाही. अडचण दिसते ती पुढील शब्दात. निवडून आलेली स्त्री घरी असते, तिचा पती सभेला येतो आणि लोक म्हणतात, ‘सरपंच आले’. ‘सरपंचपती’ हा नवा शब्द ह्याच व्यवहारातून निघाला. पाटलीण पतीच्या पदावरून ओळखली जाई. सरपंचपती पत्नीच्या पदावरून ओळखला जातो. शब्दाची दिशा उलटली, परंतु निर्णयाचे ठिकाण तेथे पालटले नाही.

स्त्रीच्या नेतृत्वाचा इतिहास लिहिणाऱ्याने म्हणून केवळ पदांची यादी व सालांची नोंद ह्यांवर थांबू नये. तिच्याविषयी बोलताना लोकांनी कोणते वाक्य वापरले, हेही त्याने टिपावे. इतिवृत्तात ‘सरपंच म्हणाल्या’ असे लिहिलेले सापडले, आणि ते म्हणणे खरोखर तिचेच होते असे दाखविता आले, तर त्या गावापुरता पुरावा मिळाला. ज्या दप्तरात ती ओळ नाही तेथे राखीव जागा भरली एवढेच म्हणता येईल. अधिकार पोहोचला, असे म्हणता येणार नाही.