पावभाजी, अमेरिकेचे युद्ध आणि आग्रा रस्ता

१/९
मुंबई-आग्रा महामार्गावरील पिंपळगाव बसवंत हे टोमॅटोच्या मोठ्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. टोमॅटोवाचून पावभाजीचा तवा तापत नाही. या पावभाजीच्या जन्माची एक खमंग कथा मेन्यूकार्डांपासून रील्सपर्यंत सर्वत्र सांगितली जाते : पावभाजी म्हणे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे जन्मली!

२/९
कथा अशी. १८६१ मध्ये अमेरिकेत युद्ध पेटले आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अमेरिकेहून तारेने दर येत ते रात्री, म्हणून व्यापारी मध्यरात्रीपर्यंत बाजारात खोळंबत. उशिरा परतणाऱ्या नवऱ्यांना बायका जेवण वाढेनात. अखेर एका चतुर फेरीवाल्याने उरलेल्या भाज्या तव्यावर ठेचल्या, जेझुइट पाद्र्यांकडचा शिल्लक पाव आणला आणि शेटजींचे पोट भरले.

३/९
यातील कापसाची तेजी अगदी खरी. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. मुंबईत पैशाचा पूर आला. त्या काळाचे सर्वांत मोठे नाव प्रेमचंद रायचंद. त्यांच्या देणगीतून उभारलेला राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. तो आजही मुंबईत उभा आहे.

४/९
कथा अडखळते ती तारेपाशी. अटलांटिक महासागराखालून १८५८ मध्ये टाकलेली तार काही आठवड्यांतच बंद पडली. टिकाऊ तार सुरू झाली १८६६ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यानंतर वर्षभराने. हिंदुस्थान युरोपशी तारेने जोडला गेला तोही १८६५ मध्ये. तेव्हा युद्धाच्या बहुतेक काळात बाजाराच्या बातम्या आगबोटीच्या टपालाने येत. बोटीची वाट पाहणाऱ्याला रोज मध्यरात्रीपर्यंत जागण्याचे कारण नव्हते.

५/९
शिवाय दर ठरत होता लिव्हरपूलमध्ये. अमेरिकेचा कापूस बाहेर पडत नव्हता म्हणूनच तर मुंबईत तेजी होती.

६/९
मग ‘रात्रीचे दर’ कोठून आले? न्यू यॉर्क कॉटन एक्स्चेंज १८७० मध्ये स्थापन झाले. विसाव्या शतकात तेथील उघडते आणि बंद होणारे दर मुंबईत येत आणि त्यांवर ‘आकडा’ लावला जाई. मटक्याचे मूळ याच जुगारात आहे. न्यू यॉर्कमध्ये दुपार असते तेव्हा मुंबईत रात्र असते. दंतकथेने बहुधा ही रात्र उचलून १८६० च्या दशकात नेऊन ठेवली.

७/९
आणि टोमॅटो? जॉर्ज वॅट यांचा हिंदुस्थानातील आर्थिक उत्पादनांचा कोश १८८९ पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्या काळीही टोमॅटोची लागवड येथे मुख्यतः युरोपीयांसाठी होत असल्याचे त्यात नोंदले आहे. त्याच्याही पंचवीस वर्षे आधी फेरीवाल्याच्या तव्यावर तो ‘उरलेली भाजी’ म्हणून पडला असेल, हे पटण्यासारखे नाही.

८/९
कथेत व्यापारी आहे, त्याची बायको आहे, फेरीवालाही आहे. कापूस पिकवणारा मात्र कोठेच नाही. थळ घाटातील लोहमार्ग १८६५ मध्ये खुला झाला. तोवर खानदेशचा कापूस मुंबईकडे घाट उतरत असे तो बैलगाडीतून. चांदवड, पिंपळगाव, नाशिक, इगतपुरी अशी आग्रा रस्त्याची वाट. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली यांनी शरणागती पत्करली आणि कापसाचे दर कोसळले. १ जुलै १८६५ रोजी मुंबईच्या शेअर बाजारातील वायद्यांची मुदत भरली आणि भल्याभल्या पेढ्या बुडाल्या.

९/९
शहराचे नुकसान मोजले गेले, त्याच्या कथाही झाल्या. खेड्यांत मात्र तेजीच्या भरात सैल हाताने दिलेली कर्जे आणि वाढलेला शेतसारा मागे राहिला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उद्रेक झाला. पाठोपाठ पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. हेच दख्खनचे दंगे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये दर पडले तेव्हा नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला. पावभाजीची दंतकथा अवश्य ऐकावी, हसावे आणि दुसऱ्यांनाही सांगावी. फक्त सांगताना त्या बैलगाडीवाल्यालाही कथेत जागा द्यावी.