अनुशेष, मेडिकल आणि बाहेरून आणायची औषधं

नागपुरात हिवाळी अधिवेशन आलं की दोन विषय ठरलेले. एक, विदर्भाचा अनुशेष. दुसरा, मेडिकल आणि मेयोची अवस्था. (पुण्या-मुंबईकडच्या मित्रांसाठी: मेडिकल म्हणजे औषधाचं दुकान नव्हे. आमचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय!) भाषणांत दोन्ही एका दमात येतात. पैसा मिळाला नाही म्हणून दवाखान्याचे हे हाल. मला हे गणित अर्धंच वाटतं. उरलेलं अर्धं शोधायला जरा मागे जावं लागतं.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात निधी द्यायचं ठरलं. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि घटनेत कलम ३७१(२) आलं. पण कमी मिळालं म्हणजे नेमकं किती, हे मोजायला १९८४ उजाडलं. वि. म. दांडेकर समितीने राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटी काढला, त्यात विदर्भाचा १,२४६ कोटी. १९९४ मध्ये विकास मंडळं आली. नंतरच्या समितीने १ एप्रिल १९९४ चा आकडा काढला तो सुमारे १४,००७ कोटी, त्यात विदर्भाचे ६,६२४. दहा वर्षांत चौपटीच्या वर! अनुशेष भरायला निघालो आणि तोच वाढला. या १४ हजारांत निम्म्याहून जास्त वाटा सिंचनाचा. आरोग्य आपलं कोपऱ्यात.

आणि आरोग्यात मोजलं काय? खाटा, आरोग्य केंद्रं. म्हणजे एकदा बांधलं की झालं. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर विकत घेण्याचा खर्च मोजला, तो चालू ठेवण्याचा नाही. भरलेली पदं, वॉर्डातलं सलाइन, बंद पडलेलं मशीन किती दिवसांत दुरुस्त झालं, यासाठी रकानाच नाही. मग आमदारसाहेब मागणार तरी काय? इमारत. आणि इमारत मिळतेही, बाप्पा! कोनशिला लावता येते ना.

अजून एक गंमत. मेडिकल सुरू झालं १९४७ मध्ये, तेव्हा नागपूर मध्यप्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं. बालाघाट, शिवनी, छिंदवाडा हे सगळं त्याच प्रांतात. १९५६ मध्ये नकाशा बदलला, पण आजारी माणसाचा रस्ता बदलला नाही. तिकडचे पेशंट आजही मेडिकललाच येतात. लोकसंख्येच्या सूत्रात मात्र ते विदर्भाचे नाहीत. म्हणजे खाटेवर दिसणारा माणूस हिशेबाच्या वहीत नाहीच.

त्यात मालक वेगवेगळे. मेडिकल आणि मेयो वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, डागा सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, महापालिकेचे दवाखाने महापालिकेकडे, आणि मिहानमधलं एम्स केंद्राकडे. मेयोला जोडलेलं कॉलेज तर १९६०च्या दशकात महापालिकेनेच सुरू केलं होतं, पुढे राज्याने घेतलं.

आता औषधं. २०१७ मध्ये सरकारने ठरवलं की सगळ्यांची खरेदी हाफकिनच्या महामंडळामार्फत करायची. हेतू चांगलाच होता. एकत्र खरेदी, कमी दर, खाबूगिरीला आळा. पण झालं असं की पैसा विभागाने वर्ग केलेला, मागणी रुग्णालयाची, निविदा तिसऱ्याची. औषध आलं नाही तर विचारायचं कोणाला? वॉर्डात शेवटी 'बाहेरून आणा'ची चिठ्ठी. बजेटमध्ये तरतूद आहे, कपाटात गोळी नाही, आणि दोन्ही बाबी एकाच वेळी खऱ्या!

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले. मागोमाग मेडिकल आणि मेयोचे आकडे आले, एका दिवसात दोन्हीकडे मिळून २५. प्रशासनाचं म्हणणं होतं की खूप पेशंट खाजगीतून शेवटच्या क्षणी येतात. त्यात तथ्य आहे, एवढ्या मोठ्या रुग्णालयात मृत्यू होतातच. पण मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मनुष्यबळ, औषधं, तरतूद, खर्च असे सगळे प्रश्न सरकारला विचारले. त्याच वर्षी वैद्यकीय वस्तू खरेदीसाठी वेगळ्या प्राधिकरणाचा कायदा झाला. म्हणजे खिडकी बदलली. फाईल कशी फिरते तेही बदलावं लागेल.

'केंद्रीकरणच वाईट' असं म्हणून सुटता येत नाही. ज्या १९९४ मध्ये आपल्याकडे विकास मंडळं आली, त्याच वर्षी तामिळनाडूने औषध खरेदीचं सरकारी महामंडळ काढलं. खरेदी एकाच ठिकाणी, पण गोदामं जिल्ह्याजिल्ह्यात, आणि प्रत्येक रुग्णालयाला एक पासबुक. त्यात त्यांच्या वाट्याची रक्कम लिहिलेली. उचलाल तेवढी वजा. कुठे किती साठा उरला ते कॉम्प्युटरवर दिसतं. तिथल्या डॉक्टरला आपल्या दवाखान्याच्या नावावर किती शिल्लक आहे ते कळतं!

आपली विकास मंडळं ३० एप्रिल २०२० ला मुदत संपून थांबली. २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने ती पुन्हा आणायचा निर्णय घेतला तेव्हा भाषणं झाली ती पुन्हा अनुशेषाच्या कोटींवर. मेडिकलच्या नावाने पासबुक द्या, अशी मागणी काही माझ्या वाचनात आली नाही.