अलल डुर्र ते गिटार

मागच्या रविवारी भाचा घरी आला होता. कॉलेजात आहे, नाटकाचं वेड आहे. विश्रामबागेतल्या आमच्या घरी जेवण झालं की तो मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसतो. त्या दिवशी 'द रॉकी हॉरर शो'ची गाणी बघत होता. मध्येच म्हणाला, "मामू, आपल्या मराठीत असलं काय झालंच नाही का? भीती, चेष्टा, गिटार, सगळं एकत्र?"

मी म्हटलं, झालंय. आणि त्याची सुरुवात तर आपल्या गावातच झालीय.

आधी त्याच्या नाटकाबद्दल. १९७३ च्या जून महिन्यात लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरच्या वरच्या मजल्यावर, साठेक माणसं बसतील एवढ्या जागेत 'रॉकी हॉरर' सुरू झालं. लेखन आणि गाणी रिचर्ड ओब्रायनची, दिग्दर्शन जिम शारमनचं. जुन्या भयपटांची टिंगल करत, रॉक संगीतावर नाचत हे नाटक जगभर गेलं. याच शारमननं आदल्या वर्षी लंडनमध्ये 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हे रॉक संगीतनाटक बसवलं होतं. हे नाव लक्षात ठेवा, पुढं आपल्याकडंही येणार आहे.

आता सांगली. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या दरबारात 'सीतास्वयंवर' केलं. त्या आठवणीचा ५ नोव्हेंबर आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो. भाषणं होतात, हार घातले जातात. पण ते नाटक दिसायचं कसं, हे फार कमी लोक सांगतात. गाणी सगळी सूत्रधार म्हणायचा. नट आपली वाक्यं जागच्या जागी रचून बोलायचे. विदूषक मध्येच येऊन हसवायचा. आणि राक्षस यायचे ते नंग्या तलवारी नाचवत, 'अलल डुर्र' अशी आरोळी ठोकत. भीती, चेष्टा, गाणं, सगळं एकाच रात्री.

पुढच्या पिढीतल्या शिकलेल्या मंडळींना याची लाज वाटू लागली. 'तागडथोम नाटकं', 'अलल डुर्र नाटकं' अशी नावं ठेवून त्यांनी ती हसण्यावारी नेली. आज मात्र मराठी रंगभूमीचा जन्म आपण तिथूनच मोजतो. आणि या जन्माला निमित्त झालं ते बाहेरचंच. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून चिंतामणरावांनी भाव्यांना तसं काही करायला सांगितलं होतं. पुढं मुंबईत भाव्यांनी 'राजा गोपीचंद' हा खेळ हिंदुस्थानी भाषेतही केला. म्हणजे आपण जिला अस्सल मराठी म्हणतो, त्या रंगभूमीच्या पायातच कानडी दगड आहे आणि अंगणात हिंदुस्थानी बोल आहेत.

भाचा म्हणाला, "ते ठीक आहे, पण गिटार?"

गिटार यायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. लेखन विजय तेंडुलकर, संगीत भास्कर चंदावरकर, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल. माणसांचीच एक भिंत रंगमंचावर गात, डुलत उभी. तीच भिंत कीर्तनात रंगते आणि तीच छळाकडं पाठ फिरवते. यात राक्षस नाही, आरोळी नाही, तरी अंगावर काटा येतो. १९ प्रयोगांनंतर संस्थेनंच ते थांबवलं. कलावंत बाहेर पडले, १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं.

तिकडं मुंबईत १९७४ मध्ये अलिक पदमसी यांनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' इंग्रजीत बसवलं. पदमसी हे कच्छी खोजा घराण्यातले. त्यात ज्यूडास झाला होता नंदू भेंडे, मराठी घरातला रॉक गायक. वडील आत्माराम भेंडे, आई आशा भेंडे. आशाताई माहेरच्या लिली इझिकेल, बेने इस्राएली. येशूची गोष्ट, खोजा दिग्दर्शक, ज्यू आईचा मराठी मुलगा!

हाच नंदू १९७८ मध्ये 'तीन पैशाचा तमाशा'त आला. मूळ नाटक जर्मन, बर्टोल्ट ब्रेख्तचं. १९२८ साली बर्लिनमध्ये आलं. त्याचंही मूळ १७२८ सालचं लंडनचं 'बेगर्स ऑपेरा'. भीक मागण्याचा धंदा चालवणारा मालक, त्याच्या मुलीशी लग्न करणारा दरोडेखोर, दरोडेखोराचा दोस्त असलेला पोलीस अधिकारी. सुरुवातच होते खुन्याच्या सुरीवरच्या गाण्यानं, तेही जत्रेतल्या गाण्यासारख्या सोप्या चालीत. संगीतकार कुर्ट वाइल ज्यू होता. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले तेव्हा त्याला आणि ब्रेख्तला, दोघांनाही देश सोडावा लागला.

त्याचं मराठी रूप केलं पु. ल. देशपांडे यांनी. पुलं जोगेश्वरीच्या इस्माईल युसुफ कॉलेजात शिकले, म्हणजे सर मोहम्मद युसुफ यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या संस्थेत. आणि एम.ए. केलं ते आमच्या विश्रामबागेतल्या विलिंग्डन कॉलेजातून. दिग्दर्शन पुन्हा जब्बार पटेलांचं. पंढरपुरात जन्म, सोलापुरात शिक्षण, पुण्यात डॉक्टरकी शिकले आणि दौंडला दवाखाना चालवला. संगीत चंदावरकर, आनंद मोडक आणि नंदू भेंडे यांचं. नाट्यगीत, लावणी आणि पाश्चात्त्य रॉक एकाच खेळात नांदले. तमाशाच्या फडात गिटार वाजलं आणि गिटारला कुणी दाखला मागितला नाही.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं, कारण त्याचा प्रश्न फक्त नाटकाचा नव्हता. मागच्या वर्षी एका एकांकिकेत त्याला भूमिका मिळाली ती तीन वाक्यांच्या पठाणाची, तीही मोडक्या हिंदीत. पोरगा मराठी शाळेत शिकलेला, बोलतो अस्सल सांगलीचं. वाचनाला बसला तेव्हा कुणीतरी कौतुकानं म्हणालं, "तुझं मराठी छान आहे रे." त्याला ते लागलं. आणि घरी आपाचं वेगळंच, नाटकात काम म्हणजे लोक काय म्हणतील? दोन्हीकडून त्याला एकच ऐकू येतं, ही जागा तुझी नव्हे.

इतिहास वेगळं सांगतो. या रंगभूमीला कुणी एकानं जन्म दिला नाही आणि कुणा एकाच्या नावावर तिचा सातबारा नाही. भाव्यांच्या राक्षसांनाही एके काळी लोक हसले, 'घाशीराम'ही एकदा थांबलं, तमाशातलं गिटारही अनेकांच्या कानाला खटकलं असेल. पुढं तीच आपली परंपरा झाली. २०२४ साली शंभराव्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष कोण होते? जब्बार पटेल. ते पाहुणे म्हणून तिथं आले नव्हते, घरचे म्हणून बसले होते.

रात्री मी आपाला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "अभ्यास बुडला तर तू जबाबदार." आमच्या घरात याचा अर्थ होकार असाच होतो.

भाचा यंदा पुन्हा वाचनाला जाणार आहे. मी त्याला एवढंच सांगितलंय की पठाण मिळाला तर कर, पण आधी मोठी भूमिका माग. मागायला लाजू नकोस. पहिला खेळ आपल्या गावात झालाय.